बाबांच्या कानाचं मशीन

ताला ऊझरू
१४ जून १९८७

प्रिय नन्ना वर्दिया,

तुला, रमदान भावोजींना आणि मुलांना आम्हा सगळ्यांचा सलाम. आमची खुशाली विचारशील तर देवाच्या दयेनं सगळे धडधाकट आहेत, उणीव आहे ती फक्त तुमच्या तोंडांची. (हे वाक्य येम्माचं. दर पत्रात तेच सांगते. मी म्हटलं, या वेळी जरा बदलू या. तर म्हणाली, "आईचं वाक्य बदलायला तू कोण लागून गेलास?")

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नेहमीसारखं मी ते अंगणात बसून मोठ्यानं वाचलं. येम्मा समोर बसून घेवडा सोलत होती आणि बाबा भिंतीला टेकून काठी तासत होते. तुझी नसीमा परीक्षेत पास झाली म्हटल्यावर येम्मानं जीभ हलवून आनंदाची अशी काही किलकारी मारली की शेजारच्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. बाबांनी मान वर केली नाही. बहिऱ्या माणसानं करायचीही नसते.

मग तुझा तो मजकूर आला. ऑगस्टमध्ये येताना तू बाबांसाठी कानाचं मशीन आणणार, भावोजींनी तुमच्या लियों शहरातल्या डॉक्टरशी बोलणं केलंय, घेवड्याच्या शेंगेएवढं असतं, कानामागे अडकवलं की माणसाला मुंगीची पावलंसुद्धा ऐकू येतात. एवढं वाचून होतंय तोच बाबा उठले आणि गाढवाला पाणी दाखवायला निघाले. गाढवाला पाणी थोड्या वेळापूर्वी मीच दाखवलं होतं, त्यांच्या देखत. येम्मा मान खाली घालूनच म्हणाली, "पुढं वाच."

त्या मशीनबद्दल मला तुला लिहायचं आहे. पण आधी बाकीचं लिहितो, कारण ते कसं लिहावं हे अजून मला जमलेलं नाही.

चेरी यंदा बक्कळ आली होती, पण निम्मी साळुंक्यांनी खाल्ली. थोरले दादा तहार ईदला तिझी-उझूहून येऊन गेले. त्यांची बदली होणार म्हणतात, गेली चार वर्षं म्हणतातच आहेत. वरच्या आळीतली शेवटची दोन पोरंही मार्सेलला गेली. आता संध्याकाळी चौकातल्या दगडी बाकांवर म्हातारे आणि मी. मला ते तरुणात धरतात, यावरून काय ते समज.

तू विचारलंस, "मोक्रान, अजून गातोस का रे, की सुटलं ते खूळ?" नाही सुटलं, नन्ना. उलट आत्ता कुठं लागलंय. सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुला ते कळायचं नाही. आणि मशीनचंही कळायचं नाही.

आपली येम्मा ताक घुसळताना गायची, आठवतं? भोपळ्याचा तो डेरा दोरीला टांगलेला, एकीकडून ती, दुसरीकडून तू. मी खाली गाढवाच्या गोठ्यापाशी पायरीवर. आणि गाणं रंगात आलं की गल्लीतून बाबांचं खाकरणं. झालं! तुम्ही दोघी अशा गप्प की घरात कधी कुणी गायलंच नाही. बापासमोर गाणं म्हणू नये, ऐकूही नये. कुणाच्याही घरात हेच. रेडिओवर गाणं लागलं आणि बाप आत आला तर जो जवळ असेल त्यानं झडप घालून बटण पिळायचं. तुला आठवतं का, एकदा तहारदादांनी इतक्या घाईनं पिळलं की बटण हातातच आलं? आणि गाणं चालूच! बाबा उंबऱ्यावरून तसेच मागे फिरले होते, चपला न घालता.

म्हणून मला येम्माची सगळी गाणी अर्धीच येतात. तिथवर, जिथं बाबा खाकरले. ते एक होतं ना,

*डोंगरा, थोडा बाजूला सर,*
*वाटेवर कोण ते बघू दे मला...*

बस्स. वाटेवर कोण होतं हे मला कधी कळलंच नाही. म्हणून मी मनानंच शेवट जुळवायचो. शेळ्या राखताना त्या वाटेवरून मी कुणाकुणाला आणलं! घोडेस्वार आणला, लढाईवरून परतलेला शिपाई आणला, परदेशातून पेटारा घेऊन आलेला नवरा आणला. गाणी रचायची खोड मला अशी लागली.

मग अल्जिअर्सला बूजेमा मामांच्या हमामात लागलो, ते तुला ठाऊकच आहे. काय ठाऊक नाही ते सांगतो. दुपारी न्हायला आलेलं गिऱ्हाईक गेलं की मी फरशा घासत गायचो. नन्ना, काय आवाज लागायचा! ओल्या भिंती, वर घुमट, एक सूर सोडला की चार होऊन परत यायचे. मला वाटलं, आपण जन्माला आलोत ते शहरातल्या लग्नांत गाण्यासाठीच. तिथल्या मोठ्या गवयांच्या कॅसेटी ऐकून ऐकून त्यांच्या हरकती उचलल्या, त्यांचं ते भारदस्त अरबी पाठ केलं. निम्म्या शब्दांचा अर्थ मला आजही माहीत नाही.

शेवटी एका लग्नात गच्चीवर गायला मिळालं. मामांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं, "आमचा भाचा गाणार." मी तोंड उघडलं आणि वर नुसतं आभाळ. आवाज गेला तो परत आलाच नाही. पहिल्या रांगेतली माणसं बदामाचे लाडू खात होती, ती खातच राहिली. एक म्हातारा बँजो वाजवत होता, त्याला सगळे शेख म्हणत. गाणं संपल्यावर तो माझ्या कानाशी म्हणाला, "पोरा, आवाज छान होता. पण तो तुझा नव्हे, हमामाचा. आणि हमाम काही कडेवर घेऊन हिंडता येत नाही."

मला इतका राग आला म्हणून सांगू! वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. नंतर त्याच्याच ताफ्यात मॅन्डोल वाजवायला लागलो. दुसऱ्याच्या गाण्यामागे वाजवत बसायचं, हे किती वर्षं चाललं ते विचारू नकोस. मध्ये दोन कॅसेटी काढल्या, रेडिओच्या आपल्या कबाइली वाहिनीवर चार-सहा गाणी लागली. पण नाव लावलं कमाल सहेल. दा अकलीचा पोरगा गवई झाला असं चौकात कुणी म्हणालं तर बाबांनी तोंड कुठं लपवायचं? आणि कमाल सहेलला ना गाव, ना घर. गाणंही त्याचं तसंच. कॅसेट विकणारा मला तोंडावर म्हणाला होता, "वाईट नाहीये रे. पण ऐकताना दुसरंच कुणी आठवतं."

लग्न नाही झालं ते तुला माहीत आहे. येम्मा दोन ठिकाणी बोलून आली होती. "मुलगा करतो काय?" "हमामात आहे." "आणि?" त्या 'आणि'पाशी दोन्ही बोलणी फिसकटली. हमामामागच्या खोलीत मी, मॅन्डोल आणि भिंतीतून पाझरणारं पाणी. रविवारी तुझं पत्र आलेलं नसलं की मी जुनंच काढून वाचायचो.

मामा गेले, हमाम विकला, आणि मी चाळिशी उलटल्यावर पिशवी घेऊन घरी आलो. बाबा दारात होते. म्हणाले, "आलास? बरं झालं. भिंतीचा दगड निसटलाय." एवढंच. मॅन्डोलकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी ते गोठ्याच्या माळ्यावर ठेवलं.

घरात गायची सोय नव्हती. मग मी ओढ्यावर जायला लागलो, खालच्या खडकांपाशी, जिथं हिवाळ्यात कुणी फिरकत नाही. बोटं गारठून निळी पडायची. परत आलो की येम्मा काही न बोलता हात शेगडीशी धरायला लावायची. बाबा पलीकडं तोंड करून बसलेले.

आणि त्याच हिवाळ्यात बाबांचे कान गेले. तुला कळवलं होतं तेव्हा, ताप आला म्हणून. तापातून उठले तेव्हा येम्मानं विचारलं, "सूप देऊ?" तर म्हणाले, "काय?" ती परत ओरडली, तरी "काय?" तहारदादा त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेणार होते. बाबा म्हणाले, "म्हाताऱ्या गाढवाला नाल ठोकून काय होणार? राहू दे." दोन दिवसांनी येम्मा मला म्हणाली, "आता कशाला तडफडत जातोस ओढ्यावर? घरातच गा. त्यांना कुठं काय ऐकू येतंय?"

नन्ना, पहिल्या दिवशी मला जमेचना. बाबा चार हातांवर बसलेले, मी मॅन्डोल मांडीवर घेतलेलं, आणि नुसत्या खुंट्या पिळत बसलेला. बाबा अंजिरं निवडत होते. किडकी एकीकडं, चांगली एकीकडं. एकदाही वर बघितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ऑलिव्हच्या तोडणीला आम्ही तिघंच होतो. बाबा शिडीवर, काठीनं फांद्या झोडत, मी आणि येम्मा खाली वेचायला. वेचता वेचता येम्मा गायला लागली. बाबा डोक्यावर असताना! आधी गुणगुणली, मग सरळ मोठ्यानं. "डोंगरा, थोडा बाजूला सर." मी हातातली ऑलिव्हं तशीच धरून थांबलो. आता खाकरतील, असं वाटून माझी मानही वर गेली. वरून नुसती काठी फांदीवर पडत होती. आणि येम्मानं पुढचं म्हटलं:

*कुणी नाही गं, वारा आहे.*
*घुसळ, लेकी, घुसळ.*

वाटेवर कुणीच नव्हतं! मी आयुष्यभर तिथून घोडेस्वार आणि शिपाई आणत बसलो आणि बाई बिचारी एकटीच होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी येम्माच्या मागोमाग म्हणायला लागलो. मॅन्डोल नाही, हरकती-मुरक्या नाहीत, तिच्याच खालच्या पट्टीत. थंडीनं घसा बसलेला, मोठा सूर निघतच नव्हता. येम्मा थांबली आणि मी एकटाच म्हणत राहिलो. संपल्यावर ती म्हणाली, "हा तुझा आवाज होय? मग इतकी वर्षं कुणाचा काढत होतास?"

वरची काठी थांबली होती, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. आत्ता लिहिताना आठवतंय.

त्यानंतर मी जुनं सगळं टाकलं. जे माहीत आहे तेच रचायचं ठरवलं: हमामामागची खोली, तू स्टेशनवर खिडकीतून दिलेली भाकर, निसटलेला दगड. एका गाण्याला महिना लागतो. कधी महिन्यातून दोनच ओळी टिकतात.

दिवे लावायची वेळ झाली. बाबा मळ्यातून येताना दिसतायत. उरलेलं उद्या लिहितो.

१५ जून

काल मुद्दामच थांबलो, नन्ना. तुला वाटलं असेल, मशीनचं विसरला. विसरलो नाही.

वसंतातल्या गावजेवणाला, बैल कापून घरटी मटणाचे वाटे झाले की चौकात गाणं-वाजवणं होतं, ते तू पाहिलेलंच आहेस. या वर्षी बाहेरून गवई आणायला कुणी पोरंच उरली नव्हती. दा सलेम म्हणाले, "आपला मोक्रान वाजवतो ना काहीतरी? वाजवू दे की." दा सलेम म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, तुला वेगळं सांगायला नको. मी मॅन्डोल घेऊन बसलो. तहारदादा आले होते, घरच्या पोराचं गाणं थोरल्या पुरुषांनी ऐकू नये म्हणून ते रीतीप्रमाणे उठून वरच्या आळीला गेले. दोघे चुलते गेले. बाबाही उठायला लागले, तर दा सलेमनी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं आणि ओरडले, "बस रे अकली! तुला काय ऐकू येणार आहे? हवा खा!" सगळे हसले. बाबा बसले. डोंगराकडं तोंड करून, काठीवर हनुवटी.

मी त्यांच्याकडं न बघता म्हटलं. बायका गच्चीवर होत्या, म्हातारे बाकांवर. वर आभाळ तेच, अल्जिअर्सच्या गच्चीवरचं. पण या वेळी मला आवाज परत यायला नकोच होता. जाऊ दे जायचा तिथं. नवीन गाणं होतं, त्यात असं एक कडवं आहे:

*दाराशी खाकरलं कुणी,*
*घरातलं गाणं विझलं.*
*विझलेलं ते उराशी घेऊन*
*मी शहरभर हिंडलो.*

कडवं संपलं, मी श्वास घेतला, आणि त्या श्वासाएवढ्या जागेत बाबा खाकरले.

कुणाचं लक्ष गेलं नाही. म्हातारी माणसं खाकरतच असतात. पण आपण दोघं ते खाकरणं ओळखतो, नन्ना. गल्लीतलं. माझं पुढचं कडवं कसं झालं मला आठवत नाही.

मग मला एकेक दिसायला लागलं. शाबानच्या दुकानात मीठ आणायला गेलो, तर तो म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, मोठ्या बॅटऱ्या संपल्यात, गुरुवारी येतील." मी म्हटलं, "बाबांना बॅटऱ्या कशाला?" तो म्हणाला, "मला काय ठाऊक? टॉर्चला नेतात. गेली दहा-बारा वर्षं नेतायत." आपल्या घरात टॉर्च आहे का, नन्ना? मी तरी पाहिलेला नाही.

मी येम्माला गाठलं. ती कणीक मळत होती. सरळ विचारलं, "बाबांना ऐकू येतं?"

"हळू बोल," ती म्हणाली.

"म्हणजे येतं!"

"तुला डोळे दिलेत ना देवानं? तू बर्फात ओढ्यावर जायचास. ते तुझे हात बघायचे आणि रात्रभर कूस बदलत राहायचे. त्यांना म्हटलं, पोराला सांगा ना, घरात गा म्हणून. तर म्हणाले, बाप असं कसं सांगेल? ते तर खरंच. कुठल्या बापानं सांगितलंय आजवर? मग ताप आला, आणि तापातून उठले ते असे." तिनं कणकेला एक बुक्की मारली. "मी पण चार दिवस फसले होते. मग एकदा मांजरानं दूध सांडलं तर पाठमोरे असून 'हट्' म्हणाले."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"आणि एक सांगू?" येम्मा म्हणाली. "तुम्ही लहान होतात तेव्हाही हे असंच. गल्लीत पावलं वाजायची, दाराशी थांबायची. खाकरणं लगेच यायचं नाही. कडवं संपलं की यायचं. मला कळायचं. मीही मग एखादं कडवं जास्त म्हणायची."

आता मला सांग, असं कुणी करतं का? बाबांसारखा बोलणारा माणूस या पंचक्रोशीत नव्हता. चौकात भांडण लागलं की लोक म्हणायचे, दा अकलीला येऊ द्या. त्यांच्या म्हणी लोक बाजारात जाऊन आपल्या म्हणून सांगायचे. तो माणूस दीड वर्षं चौकात मुका बसतोय. बैठकीत त्यांना कुणी विचारत नाही. दा सलेम पहिले काही महिने कानाशी ओरडून बोलायचे, मग थकले. आता ते पलीकडच्या बाकावर बसतात. एकदा मला म्हणाले, "तुझा बाप जिवंत आहे रे, पण माझा मित्र गेला." हे ऐकताना बाबा तिथंच होते, हाताच्या अंतरावर. हे सगळं कशासाठी, तर माझं गाणं ऐकता यावं म्हणून!

तुझं पत्र वाचून झाल्यापासून बाबा घरी फक्त जेवायला येतात. दिवसभर अंजिराच्या मळ्यात. काल सकाळी मी ठरवलं, जाऊन सांगायचं. बाबा, पुरे झालं. मला माहीत आहे. नन्ना मशीन आणतेय, ते लावा, म्हणजे 'मशीननं ऐकू येतंय' असं होईल, चौकात परत बोलायला लागाल, दा सलेमचा जीव भांड्यात पडेल. मी नाही गाणार घरात, जाईन ओढ्यावर. सगळं पाठ करून गेलो.

मळ्याच्या बांधाशी पोचलो तर आतून कुणी बोलत होतं. बाबा! दगडाच्या त्या खोपटाच्या सावलीत बसलेले, माझ्याकडं पाठ, समोर गाढव. कोनाड्यात एक जुना ट्रान्झिस्टर, बंद. आणि बाबा गाढवाशी बोलत होते, नन्ना. आपले जुने बाबा, चौकातले. हात उडवून, म्हणी पेरत.

"तू गाढव आहेस म्हणून तुला सांगतो," ते म्हणत होते. "सलेमला सांगितलं असतं, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तर ऐक. शेवटच्या कडव्यात पोरगा घाई करतो. मागं कुत्रं लागल्यासारखा! गाण्याला कसली आलीय घाई? पण आवाज..." इथं ते थांबले. गाढवानं कान हलवले. "शहरात कुणाचा तरी कोट घालून गायचा. इथं बसून रेडिओवर ऐकायचो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गातो याची लाज नव्हे रे. कोट दुसऱ्याचा, बाह्या लोंबतायत, आणि नावही दुसऱ्याचं. आता आपल्या घरच्या लोकरी बर्नूसमध्ये आलाय. जाडाभरडा आहे, पण अंगावर बसतो. गातो बरं. तुझ्यापेक्षा तर नक्कीच बरं गातो." आणि हसले. किती दिवसांनी मी त्यांचं हसणं ऐकलं!

मग म्हणाले, "आता ती पोरगी मशीन आणतेय. मशीन लावलं की मला ऐकू येणार. ऐकू आलं की मला उठून जावं लागणार. मग तू आणि मी बसू इथं, बॅटऱ्या जाळत."

मी बांधाआड उभा होतो. पाठ केलेलं सगळं तिथंच सोडून दिलं. मी बोललो असतो तर त्यांना ऐकू येतंय हे उघड झालं असतं आणि मग माझ्यासमोर बसणं त्यांना कायमचं बंद. मला गाणं आणि त्यांना ऐकणं, दोन्ही एकाच वेळी संपलं असतं. न बोलावं तर त्यांचं तोंड बंद. दुसरी वाटच नाही, नन्ना. मी सगळीकडून शोधून पाहिली.

ते बोलतच होते, आणि मला पुढं तर जायचं होतं, जेवायला बोलवायला. तसाच गेलो असतो तर ते बोलताना सापडले असते. म्हणून मी दोन पावलं मागे गेलो, गल्लीत बाबा थांबायचे तसा थांबलो, त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं, आणि खाकरलो.

बाबा गप्प झाले. मान वळली नाही, पण पाठ ताठ झाली. त्यांना ऐकू आलं, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांना कळलं, हेही मला दिसलं. मी पुढं गेलो आणि घसा ताणून ओरडलो, "बाबा! जेवायला चला!"

"काय?" बाबा म्हणाले.

"जे-वा-य-ला!"

"असं होय," ते म्हणाले आणि काठी टेकत उठले. आम्ही दोघं घराकडं निघालो. वाटेत एकदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बांध उतरायला आधार हवा म्हणून असेल.

काल संध्याकाळी मी अंगणात गायलो. शेवटचं कडवं सावकाश म्हटलं. बाबा अंजिरं निवडत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

तर नन्ना, ते मशीन आणू नकोस. भावोजींना सांग, डॉक्टरांना सांग, बाबांचे कान आता मशीनपलीकडे गेलेत. शपथ घ्यायची वेळ आली तर माझी घे. त्याऐवजी बॅटऱ्या आण, मोठ्या, तिकडच्या चांगल्या. घरात देऊ नकोस, मी शाबानच्या दुकानात ठेवीन, तो त्यांना टॉर्चसाठी देईल. आणि दा सलेमसाठी चांगली तंबाखू आण. ते एकटे पडलेत.

ऑगस्टमध्ये आलीस की बाबांच्या गळ्यात पड आणि कानाशी तोंड नेऊन जोरात ओरड. लाजू नकोस. आम्ही सगळे त्यांच्याशी ओरडूनच बोलतो. फक्त तुला काही हळू सांगायचं असेल, अगदी मनातलं, तर ते अंगणात त्यांच्याकडं पाठ करून मला सांग.

तुझा धाकटा भाऊ,
अकलीचा पोरगा गवई,
मोक्रान